ओढला की एक, दाबला की दुसरा

"ऑनलाइन विकायचं म्हणजे काय मोठंसं! फोटो काढायचा, चार ओळी लिहायच्या, खोक्यात भरायचं, संपलं! तुझे कोलाचे भट्टीतून निघायच्या आत गिऱ्हाईक येतं की नाही बघ!"

नोरीन शिमेक आईच्या स्वयंपाकघरात कमरेवर हात ठेवून हे म्हणाली तेव्हा तिच्या धाकट्या भावाला, डेलला, कॉफीचा ठसका लागला. डेलच्या गोठ्यात साठ गाई होत्या आणि मोठमोठ्या घोषणांवर त्याचा विश्वास नव्हता.

"टॅव्हर्नमध्ये विचारू या की," तो म्हणाला. "शुक्रवारी मासे खायला अख्खं गाव येतं."

"चर्चच्या पत्रकात दोन ओळी दिल्या तरी पुरे," आई, म्हणजे अडेला, कोलाचेचे जॅम भरलेले गोड पाव फुगले का बघायला ओव्हनचं दार उघडत म्हणाली.

"आई, गावात वाजवणारा उरलाय कोण? एकटे ओटोकाका, आणि त्यांच्याकडे स्वतःचा आहे!"

विकायचा होता तो वडिलांचा, एमिलचा, कॉन्सर्टिना. चौकोनी पेटी, दोन्ही टोकांना बटणं, मध्ये कातडी कोपऱ्यांचा भाता. या बाजावर एमिल शिमेकने निम्म्या काउंटीची लग्नं वाजवली होती. उरलेल्या निम्म्यांनी, डेलच्या मते, पळून जाऊन लग्नं केली होती. नोव्हेंबरात, हरणांच्या शिकारीचा मोसम तोंडावर आलेला असताना, एमिल गेले. जाण्याआधी दवाखान्यात त्यांनी एकच गोष्ट मागितली. "तो काचेच्या कपाटात ठेवू नका. बंद राहिला की बाजा मरतो. उघडणारा कोणी मिळाला तर त्याला द्या."

तेव्हापासून बाजा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून होता. अडेला रोज त्याची पेटी पुसायची, झाकण मात्र उघडायची नाही. रविवारी रेडिओवर पोल्का नाचाच्या चाली लागायच्या, त्याही तिने बंद केल्या होत्या. नोरीनला ती खुर्ची बघवत नव्हती. ती शाळेच्या लायब्ररीत नोकरीला होती, पुष्कळ वाचलेली होती, आणि जगात कुठेतरी एक उघडणारा माणूस असेलच, एवढी तिची खात्री होती.

तर जाहिरात. पहिल्याच चौकटीत अडलं. वस्तूचा प्रकार निवडायचा होता आणि यादीत कॉन्सर्टिना नव्हताच! ॲकॉर्डियन होता.

"जवळपास तेच," नोरीन म्हणाली आणि बोट टेकवलं.

"ओटोला सांगू नकोस," आई म्हणाली. "तो वारेल."

मग वस्तूची अवस्था. उत्तम, चांगली की ठीक?

"उत्तम लिहू नकोस बाई! लोक काय म्हणतील?"

"आई, लोक कुठलेतरी लांबचे असणार."

"लांबचे असले तरी लोकच ना?"

आता विस्कॉन्सिनच्या त्या भागात स्वतःच्या वस्तूला चांगलं म्हणणं म्हणजे चर्चमध्ये शिट्टी वाजवण्यासारखं. 'तसा काही वाईट नाही' याच्यापुढे स्तुतीची मजल जात नाही. लग्नानंतरच्या पहिल्या जेवणाला एमिलने हेच म्हटलं होतं, आणि तेवढ्या शिदोरीवर अडेलाने जन्मभर संसार केला. तेव्हा नोरीनने लिहिलं: 'तसा काही वाईट नाही. नियमित वाजवलेला. भाता डाव्या बाजूला किंचित सुस्कारतो.' परत घेणार नाही, या चौकटीत खूण केली आणि फोन पालथा ठेवला.

एक गोष्ट मात्र तिने लिहिली नाही. कॉन्सर्टिनाचं एकच बटण भाता ओढताना एक सूर देतं आणि दाबताना दुसरा. हे लिहायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. गाय विकताना तिला चार सड आहेत असं कोणी लिहितं का?

गिऱ्हाईक खरोखरच आलं! ॲरिझोनातले वेन्डल ट्रिप, निवृत्त. बायको ओपल हिच्या वाढदिवसासाठी हवाय म्हणाले. डेलने एमिलच्या बोलिंगच्या शर्टांत बाजा गुंडाळला आणि खोकं गवताचे गठ्ठे बांधायच्या सुतळीने असं आवळलं, की आत बैल असता तरी सुटला नसता. त्या रविवारी अडेलाने रेडिओ लावला. हळू आवाजात, पण लावला. नोरीनने आणखी एक कोलाचे घेतला.

पुढच्या आठवड्यात तक्रार आली.

'वस्तू सदोष आहे. सगळी बटणं बिघडलेली. ओढल्यावर एक सूर येतो, दाबल्यावर भलताच! बटणांवरच्या आकड्यांनाही काही क्रम नाही. सोबत पुरावा.' पुरावा म्हणजे चित्रफीत. तिच्यात एक जाड बोट एकच बटण दाबून भाता पुढेमागे करत होतं, आणि एखाद्या बदकाला जिन्यावरून ढकलावं तसा आवाज येत होता.

नोरीन हसली. "बिचाऱ्याला माहीतच नाही! आत्ता समजावते."

तिने मदतकक्षाला गाठलं. पलीकडे कोणी ब्रियाना होती. ती माणूस होती की यंत्र, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

'नमस्कार नोरीन! आज मी आपली कशी मदत करू?'

'वस्तूत काहीही दोष नाही. एका बटणाला दोन सूर असतात.'

'म्हणजे एका बटणातून दोन वेगवेगळे सूर येतात, हे आपल्याला मान्य आहे?'

'हो, अर्थात!'

'दोष मान्य केल्याबद्दल आभार!'

'दोष नाही हो! तो तसाच असतो! जन्मापासून!'

'म्हणजे हा दोष विक्रीच्या आधीपासूनचा आहे?'

नोरीनने फोनकडे असं पाहिलं, जसं डेल लाथ मारणाऱ्या गाईकडे बघतो. 'मी परत घेणार नाही अशी खूण केली होती,' तिने लिहिलं.

'बरोबर! ती खूण ग्राहकाचं मन बदललं तर लागू होते. वस्तू वर्णनाप्रमाणे नाही असं ग्राहक म्हणाला तर लागू होत नाही. परत पाठवण्याचा खर्च आपल्याकडे. आपला दिवस आनंदात जावो!'

"म्हणजे दारावर 'कुत्रा चावेल' अशी पाटी," डेल म्हणाला, "आणि कुत्रा चोराला कॉफी करून देतो!"

"आईला सांगू नकोस."

"मी कशाला सांगू? ती दुपारी ॲरिझोनाचं हवामान बघत होती. त्यांना वाजवायला अंगणात बसता येत असेल, म्हणाली."

नोरीनला ती खुर्ची आठवली. बाजा परत आला तर त्याच खुर्चीवर येणार, आणि रेडिओ पुन्हा बंद होणार.

"पुरावा हवाय ना त्यांना?" ती उठली. "पुरावा देऊ! ओटोकाकांना बोलवा!"

ओटो पेल्निक चौऱ्याऐंशी वर्षांचे होते आणि एमिलशी दहा वर्षं बोलले नव्हते. भांडण कशावरून? तर वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांची नाचाची चाल, किती सावकाश वाजवायचा यावरून! नोरीनने फोन करून सगळं सांगितलं.

"एमिलच्या बाजाला सदोष म्हणाला?"

"हो, काका."

"ॲरिझोनावाला?"

"हो."

"एमिल घाई करायचा. तो हट्टी होता. दुसऱ्या कडव्याला त्याला कधी दम निघाला नाही. पण हे म्हणायचं तर मी म्हणेन! ॲरिझोनावाला कोण म्हणणार?"

शुक्रवारी दुपारी, मासे तळायला सुरुवात व्हायच्या आत, ओटो आपला कॉन्सर्टिना घेऊन टॅव्हर्नमध्ये आले. अंगात जाकीट, बो-टाय, केसांना पाणी. डेलने फोन धरला. ओटोंनी एक बटण दाबलं, भाता ओढला, मग दाबला. "एक सूर. दुसरा सूर. कळलं का ॲरिझोना?" आणि मग, कोणी सांगितलं नसताना, एक वॉल्ट्झ लावला. सावकाश. इतका सावकाश की बारमागची बाई ग्लास पुसायची थांबली. संधिवाताची बोटं बटणांवर अशी फिरत होती, जशी म्हातारी माणसं ओळखीच्या अंधाऱ्या घरात चालतात.

वॉल्ट्झ संपला आणि दारातून आवाज आला.

"नोरीन, तो परत येणार आहे का?"

अडेला! कोट, स्कार्फ आणि हातात बुटांचा बर्फ झाडायचा ब्रश. गावात गुपित किती टिकतं? टॅव्हर्नवाल्याची मेहुणी तिच्याच केस कापणारीकडे जात होती.

"आई, येणार नाही. ही चित्रफीत पाठवते, लगेच कळेल त्यांना."

अडेला स्टुलावर बसली. "घरी आणू नकोस गं," ती हळूच म्हणाली. "बंद पेटी मी पुन्हा नाही पुसणार."

ओटोंनी आपल्या बाजाचा पट्टा उगाचच घट्ट केला.

चित्रफीत गेली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. कुठल्याशा यंत्राला त्या वॉल्ट्झमध्ये दुसऱ्या कुणाच्या मालकीची धून ऐकू आली होती, म्हणून त्याने खबरदारीचा उपाय म्हणून सगळा आवाजच काढून टाकला होता! आता त्या चित्रफितीत बो-टाय लावलेला एक म्हातारा मोठ्या तन्मयतेने एक पेटी उघडत होता आणि मिटत होता, आणि बारमागची एक बाई रडत होती. खाली ब्रियानाचा निर्णय:

'आपण पाठवलेल्या पुराव्यात वाद्यातून कोणताही आवाज येत नसल्याचं स्पष्ट दिसतं. निकाल ग्राहकाच्या बाजूने!'

डेल गोठ्यात जाऊन हसला. घरात हसायची सोय नव्हती.

मग खोकं आलं. अडेला बाहेरच्या खोलीत आलीच नाही, स्वयंपाकघरात उगाच भांडी लावत राहिली. डेलने चाकूने पट्टी कापली. ओटो मुद्दाम आले होते, प्रवासात भात्याला काही झालंय का बघायला. झाकण उघडलं, आणि तिघंही वाकून आत बघत राहिली.

आत एक ॲकॉर्डियन होता. लालभडक, चकचकीत, एका बाजूला पियानोसारख्या पट्ट्या. त्यातल्या दोन उन्हाने वितळून एकमेकींना चिकटलेल्या.

"हा आपला नाही," डेल म्हणाला. अशी सूक्ष्म निरीक्षणं तो नेहमी करायचा.

ओटोंनी तो संशयाने मांडीवर घेतला. एक पट्टी दाबून भाता ओढला. मग दाबला. पुन्हा ओढला. त्यांचा चेहरा उजळला.

"हा बघा! हा आहे बिघडलेला! ओढा नाहीतर दाबा, सूर तोच!"

नोरीन तोवर फोनवर तुटून पडली होती.

'त्यांनी चुकीची वस्तू परत पाठवली आहे!'

'हे ऐकून वाईट वाटलं! आलेली वस्तू ॲकॉर्डियन आहे का?'

'हो, पण'

'आपण कोणत्या प्रकारात विक्री केली होती?'

नोरीनने डोळे मिटले. 'ॲकॉर्डियन.'

'म्हणजे ॲकॉर्डियन गेला आणि ॲकॉर्डियन परत आला. ग्राहकाला पैसे मिळाले आहेत. प्रकरण बंद. आपला दिवस आनंदात जावो!'

आता मात्र कोणी हसलं नाही. पैसे गेले ते गेले. पण एमिलचा बाजा दीड हजार मैलांवर एका अनोळखी माणसाच्या घरात होता, त्या माणसाच्या मते तो मोडका होता, आणि मोडक्या वस्तूचं लोक काय करतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. नोरीनला कचऱ्याचा एक हिरवा डबा दिसू लागला. ॲरिझोनातले डबे हिरवे असतात की नाही, हे तिला माहीत नव्हतं. पण दिसत होता तो हिरवाच.

"मी विकायलाच नको होता," ती म्हणाली.

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. अडेला हात पुसत आली, खोक्याभोवती एक फेरी मारली आणि चष्मा वर केला.

"हा काय लिहिलाय इथे? त्यांचा फोन नंबर ना?"

खोक्यावर पाठवणाऱ्याच्या नावाखाली खरंच नंबर होता. इतके दिवस पुराव्यांची लढाई चालली होती, पण फोन करावा हे कुणालाच सुचलं नव्हतं.

"आई, असं थेट नाही करायचं! ॲपचा नियम आहे..."

"मी कुठे ॲपमध्ये आहे?" अडेला म्हणाली आणि भिंतीवरच्या फोनची बटणं दाबू लागली. आवाज सगळ्यांना ऐकू यावा म्हणून तिने फोन कानापासून लांब धरला.

"हॅलो!" पलीकडून एक माणूस ओरडला. बहिरी माणसं ओरडतात तसा. "कोण?"

"मी विस्कॉन्सिनहून अडेला शिमेक. तुम्ही आम्हाला वेगळाच बाजा पाठवला हो!"

"मिळाला ना? छान! बिघडलेला होता तो!"

"अहो, पण आमचा कुठाय?"

"काय म्हणालात?"

"आमचा! बाजा! कुठाय?"

आणि त्या मधल्या क्षणात, फोनच्या तारेतून, लांबून, अडखळत, एक वॉल्ट्झ ऐकू आला. कुणीतरी तीन मात्रा चालत होतं, ठेचकाळत होतं, पुन्हा उठून चालत होतं. डाव्या बाजूला भाता किंचित सुस्कारत होता.

अडेलाने दाराची चौकट धरली.

"मिस्टर ट्रिप," ती म्हणाली, "तुमच्याकडे कोण वाजवतंय?"

"कोण वाजवतंय? कोणी नाही! बाजा तर तुम्हाला पाठवला!" मग आवाज जरा खाली आला. "थांबा हं. बघून येतो."

पावलं दूर गेली. दार वाजलं. मग ते ओरडणं आलं, "ओपल! हे काय!" आणि वॉल्ट्झ मध्येच तुटला. थोड्या वेळाने एका बाईचा बारीक आवाज आला, चोरी करताना सापडलेल्या मुलीसारखा.

"मी ओपल. तुम्ही खूप रागावलात का?"

ओपलबाई लहानपणी नेब्रास्कात बापाचा माउथ ऑर्गन वाजवायच्या. तक्रार वेन्डलने केली होती. त्याला ऐकू कमी आणि मत पक्कं! खोकं परत जायचं होतं, तोवर पडून होतं, म्हणून ओपलबाईंनी सहज बाजा उघडून बघितला. ओढला, दाबला, आणि लक्षात आलं.

"अहो, हा तर हातांनी वाजवायचा माउथ ऑर्गन! फुंकला की एक सूर, आत ओढला की दुसरा! बिघडलेला कुठाय?" मग त्या रोज वाजवू लागल्या, वेन्डल मागच्या अंगणात झाडांना पाणी घालायला गेला की. वेन्डलला कंबरदुखीने खोकं उचलवेना, म्हणून त्याने शेजाऱ्याला सांगितलं: दोन्ही बाजे गॅरेजमध्ये आहेत, वाईट वाजतो तो पाठवून दे. शेजारी सज्जन. त्याने दोन्ही वाजवून बघितले आणि खरोखरच जो वाईट वाजत होता तो पाठवला. म्हणजे ओपलबाईंचा उन्हात वितळलेला जुना, लाल.

"मला कळलं होतं," ओपल पुटपुटली. "पण मी गप्प बसले. वाटलं, बोलले तर द्यावा लागेल." मग आवाज आणखी बारीक झाला. "द्यायचाय का परत?"

बाहेरच्या खोलीत सगळे अडेलाकडे बघत होते. ती त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती.

"ती मधली ओळ पुन्हा वाजव बघू," ती म्हणाली. "तिथे घाई करतेस तू."

"हेच!" ओटो खुर्चीतून उठले. "हेच मी त्याला जन्मभर सांगत होतो!"

"तू बस रे ओटो. वाजव गं ओपल."

वेन्डलला भयंकर शरम वाटली. त्याने त्याच दिवशी ॲपवरून पैसे परत करायचा प्रयत्न केला. पण पैसे परत मिळालेला ग्राहक आपणहून विक्रेत्याला पैसे देतो, ही गोष्ट ब्रियानाला इतकी संशयास्पद वाटली की तिने त्याच्या सुरक्षिततेसाठी त्याचं खातंच बंद केलं! शेवटी साध्या टपालाने चेक आला, आणि सोबत अंगणातली ग्रेपफ्रूट. बाहेर गुडघाभर बर्फ असताना शिमेकांच्या टेबलावर ती पिवळीजर्द फळं बघून डेल म्हणाला, "तशी काही वाईट नाहीत," आणि तीन खाल्ली.

आता दर रविवारी जेवणानंतर फोन वाजतो. अडेलाला कॉन्सर्टिनाचं एकही बटण ठाऊक नाही. तिने तो कधी हातातही धरला नव्हता. पण या घरात इतकी वर्षं त्याच त्या चाली वाजत होत्या, की कुठला सूर कुठे पडायचा आणि एमिल कुठे श्वास घ्यायचे, हे तिला स्वतःच्या जिन्याच्या पायऱ्यांसारखं पाठ आहे. "नाही, तिथे थांब. हं. आता जा," ती सांगते. ओटो मागून "सावकाश!" म्हणून ओरडतात. ओपलला तीन पोल्का आणि दीड वॉल्ट्झ येतो. लाल ॲकॉर्डियन ओटो घरी घेऊन गेले आहेत. तो दुरुस्त करून त्यालाही दोन सूर शिकवायचा त्यांचा विचार दिसतो.

परवा नोरीन आली तेव्हा स्वयंपाकघराच्या टेबलावर सॉसेज करायचं जुनं यंत्र घासूनपुसून ठेवलेलं होतं. शेजारी वॉफल भाजायचा लोखंडी साचा. खाली डेलचे लहानपणचे स्केट.

"हे काय गं?"

"ते तुझ्या फोनवर घाल." अडेला लगबगीने कॉफी ओतत होती. तिचे गाल कितीतरी दिवसांनी गुलाबी दिसत होते. "चांगली माणसं मिळतात तिथे."

"आई! पुन्हा? अगं, सगळे नियम घेणाऱ्याच्या बाजूने आहेत! कोणीही उठून तक्रार करतं आणि आपण मरतो!"

"तेच म्हणतेय मी," अडेला म्हणाली. "या खेपेलाही तक्रार करणाराच बघ हं. बाकीचे नुसती वस्तू घेतात आणि पुन्हा फोन करत नाहीत."

नोरीनने फोन बाहेर काढला. सॉसेजचं यंत्र कुठल्या प्रकारात घालायचं, ते काही यादीत सापडेना.